स्थानिक पालकाचा पत्ता

सावेडी, नगर
२० मे २०२५

ती. दादास लंकाचा नमस्कार.

आरतीचा निकाल कळला. बहात्तर टक्के! फोनवर ऐकलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बाई दार उघडून बघायला आल्या. मी म्हटलं, अहो माझी भाची बारावी पास झाली, तिचं नाव मीच ठेवलंय! त्यांना पेढा दिला. राहीवहिनीला माझ्या वतीने सांग की तिने पोरीला शिकवलं, नाहीतर आपल्या वस्तीवर बारावीपर्यंत कोण थांबतंय.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की सगळी खडकवस्ती गोळा होते, म्हणून नेहमीसारखं पत्रच लिहिते. त्या ट्रॅक्टरने तुझे कान खाल्ले, पण डोळे तरी शाबूत आहेत.

तू विचारलंस, नगरला नर्सिंगचं कॉलेज आहे का. अरे दादा, आहे का म्हणजे काय! तू आठ वर्षांपूर्वी आला होतास ते नगर आता राहिलंच नाही. उड्डाणपूल झालाय, गाडी वरच्या वर निघून जाते. दवाखाने तर विचारू नकोस, बोर्ड वाचता वाचता मान दुखते. आपल्याकडे महानगरपालिका आहे, साधी नगरपालिका नव्हे. कपडे घ्यायला, सिनेमा बघायला लोक पुण्याला कशाला मरायला जातात देव जाणे. आमच्या बिल्डिंगला तर लिफ्ट बसली. मोठ्या शहरात असतं ते सगळं इथं आहे.

हे कंपनीतून सहाला येतात, मग आम्ही दोघं फिरायला जातो. मी काय, घरीच. दुपारची झोप काढून काढून जाड झालेय.

पत्र नेहमीच्या पत्त्यावर टाक, खालच्या किराणा दुकानात. लिफ्ट असली तरी पोस्टमन वर यायचा कंटाळा करतो.

तुझी,
लंका

*

मु. खडकवस्ती, ता. पाथर्डी
६ जुलै २०२५

चि. लंकास श्रीमंतदादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी ते हाटेलात वाचून दाखवलं. रागवू नको. झालं असं, आमचा मुकादम रंगनाथ चार लोकांत म्हनला की नगर म्हंजी मोठं खेडं हाय, त्याला काय शहर म्हनत्यात व्हय? तो ऊसतोडीची टोळी घेऊन कोल्हापूरपत्तर गेल्ता, पुनं बघितलंय, म्हून त्याला वाटतं दुनिया त्यालाच कळली. मोठं शहर म्हंजी जिथं गाडीतून उतरल्यावर मानसाला वाट इचारावी लागती, असं त्याचं म्हननं. मी खिशातनं तुझं पत्र काढलं. म्हनलं, ही माझी बहीन बावीस वर्षं तिथं ऱ्हाती, तिचं ऐक. उड्डानपूल, महानगरपालिका, लिफ्ट, सगळं वाचलं. रंगनाथ गप झाला. च्या त्यानंच पाजला.

आता कामाचं. आरतीचं नाव नगरच्या नर्सिंगच्या पहिल्या यादीत लागलं! तीन वर्षांचा कोर्स, पुरी नर्स हुती त्यातनं. राही तर दोन दिवस रडतीच हाय, आनंदानं. पन त्या कॉलेजच्या वसतिगृहात जागा न्हाई. आन बाहेरगावच्या पोरीला नगरात ऱ्हानारं एक मानूस दाखवावं लागतं. त्याला ‘स्थानिक पालक’ म्हनत्यात. त्यानं समक्ष यायचं, पत्ता द्यायचा, सही करायची. २५ जुलैच्या आत.

आमाला इचार करायचं कारनच पडलं न्हाई. तू हायस. आरती तुझ्याकं ऱ्हाईल, घरातलं काम बी करील. तिला कोपरा दिला तरी बास. मी आपल्या जवारीचं पोतं घेऊन येतो, दाजींना भेटतो, तुझं घर बघतो. लिफ्टात बी बसंन म्हनतो, आयुष्यात बसलो न्हाई.

खरं सांगतो, तू नगरात नसतीस तर मी पोरीला पाठवायचं धाडस केलं नसतं.

तुझा,
दादा

*

सावेडी, नगर
१४ जुलै २०२५

ती. दादास नमस्कार.

पत्र आजच हातात पडलं. घाईने लिहिते.

दादा, तू लगेच निघू नकोस. आमच्याकडे सध्या रंगकाम काढलंय, सगळं सामान बाहेर आहे. शिवाय यांच्या चुलतभावाची माणसं राहायला आलीत, ती कधी जातील सांगता येत नाही. पाय ठेवायला जागा नाही.

आणि मला वाटतं, नगरचा विचारच सोडावा. मी मागे काहीबाही लिहिलं ते कौतुकाच्या भरात. आपण राहतो त्या गावाचं माणूस कौतुक करतंच. पण नीट पाहिलं तर नगर म्हणजे आहे काय? रंगनाथ बोलला ते खोटं नाही. मोठं खेडंच आहे. एक पूल झाला म्हणून शहर होत नाही. मुलींनी इथं शिकून पुढे करायचं काय? इथल्या पोरी शिकल्या की नोकरीला पुण्यालाच जातात. शिकवायचंच असेल तर पोरीला एकदम पुण्याला घाल. तिथं मोठी कॉलेजं, मोठे दवाखाने, वसतिगृहं आहेत. खरं शहर ते.

तिची आत्या म्हणून सांगते. माझ्या शब्दाबाहेर तू कधी गेला नाहीस, आताही जाऊ नकोस. नगरची जागा धरून बसू नका.

आरतीला सांग की नाराज होऊ नकोस. फोन केलास तर मी उचलेनच असं नाही, रंगकामाच्या गडबडीत ऐकू येत नाही.

लंका

*

मु. खडकवस्ती
२ ऑगस्ट २०२५

चि. लंकास आशीर्वाद.

तू म्हनलीस म्हून नगरची जागा सोडली. २५ तारीख गेली.

हाटेलात मला तोंड राहिलं न्हाई. दोन महिन्यामागं तुझंच पत्र वाचून मी रंगनाथाला गप केलं हुतं. आता त्यानं इचारलं, काय श्रीमंता, पोरगी कदी चालली तुझ्या मोठ्या शहरात? मला खोटं बोलता आलं न्हाई. म्हनलं, बहीन म्हनती नगर काय मोठं न्हाई. सगळी हसली. हसू द्या. ते काय इतकं न्हाई.

पुन्याचं म्हनशील तर पुन्यात आपलं कोन हाय? नगरात तू हुतीस, म्हून मी तयार झालो. तूच म्हनतीस नगर पोरीला घालायच्या लायकीचं न्हाई, मग पुन्यात तर मी तिला कोनाच्या भरवशावर सोडू? राही म्हनली, आत्याबाई म्हनत्यात तर जाऊ द्या पुन्याला. मी न्हाई म्हनलो.

आता दुसरं. रंगनाथाच्या पुतन्याचं स्थळ आलंय. पोरगा निर्व्यसनी हाय. त्यांना लगीन दसऱ्याच्या आत पायजे. कारन तुला ठाऊक हाय, टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. पोरगा एकटा असला तर अर्धाच. दसरा झाला की सगळी कारखान्यावर. म्हंजी आरती बी जाईल. राहीच्या मनात न्हाई. आरती माझ्याशी बोलत न्हाई, चार दिस झालं जेवन बी धड न्हाई. पोरीची जात, हुईल कमी.

गौरी गेल्या की सुपारी फोडायची हाय. आत्याचा मान तुझा, तू यायलाच पायजे. तू तिचं नाव ठेवलंस, तूच तिची वाट सांगितलीस, आता अक्षता बी तुझ्याच हातच्या.

दादा

*

खडकवस्ती
११ ऑगस्ट २०२५

आत्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. अकरा वेळा लावला. रंगकाम एवढं चालतं का?

मला एकच विचारायचंय. मी तुला घरात नकोय का? नको असेल तर तसं लिही. मला वाईट वाटेल पण कळेल तरी. नगर मोठं नाही, नगर खेडं आहे, हे काय लावलंस? नगर मोठं का लहान याच्याशी मला घेणं नाही. खडकवस्तीहून मोठं आहे, तेवढं मला पुरे होतं.

तुला माहीत आहे का आत्या, तुझं पत्र आबांनी कुठं वाचलं? माझ्या फॉर्मच्या फायलीवर बसून. वाचलं आणि म्हणाले, झालं, लंका नको म्हणते. आईने हातातली भाकरी तव्यावर टाकली ती उलटलीच नाही, जळाली. तुझ्या शब्दावर आमच्या घरात कुणी बोलत नाही.

आता मी स्वतः कॉलेजात फोन करून विचारलं. तीन वर्षांच्या कोर्सच्या जागा भरल्या. माझी जागा पुढच्या नंबरच्या मुलीला गेली. दोन वर्षांचा छोटा कोर्स आहे, त्यात नर्सच्या हाताखाली काम मिळतं. त्याच्या उरलेल्या जागा ५ सप्टेंबरला समक्ष भरणार आहेत. त्याला पण स्थानिक पालक लागतो.

तू मला घरात घेऊ नकोस. जेवायला घालू नकोस. मी कुठंही राहीन, चार मुलींत खोली बघीन. तू फक्त त्या दिवशी एक तास ये आणि सही कर. एवढं पण नसेल करायचं तर सुपारीला पण येऊ नकोस. तुझ्या हातच्या अक्षता मला नकोत.

हे पत्र आबांना माहीत नाही.

आरती

*

नागापूर, एमआयडीसी
२४ ऑगस्ट २०२५

दादा,

वर पत्ता बघितलास ना? हा माझा खरा पत्ता. सावेडीचा न्हाई. आज आपल्या बोलीतच लिहिते, दुसऱ्या बोलीत मला एवढं खोटं बोलायची सवय झालीय की हात आपोआप तिकडं जातो.

तुझं दोन तारखेचं आन आरतीचं, दोन्ही पत्रं मला एकदमच मिळाली. मी दोन आठवड्यातनं एकदा सिटी बसनं सावेडीला जाते आन त्या किराणा दुकानातनं माझी टपालं घेते. दुकानदार भला मानूस, कदी काय इचारत न्हाई. आमी त्या बिल्डिंगीत हुतो भाड्यानं, तू आला हुतास तवा. पाच वर्षं झाली ती सोडून. लिफ्ट बसली का न्हाई मला काय ठाऊक? मी वर पाहिलेलंच न्हाई. रंगकाम न्हाई, पाव्हनं न्हाईत.

यांची कंपनी बंद पडली. तू आपल्या वस्तीवर सगळ्यांना सांगायचास, माझे दाजी परमनंट हायत, परमनंट. त्या दिवाळीला मी तुला लिहायला बसले आन लिहिलं, बोनस झाला. तिथून सुरुवात. एकदा लिहिलं की पुढच्या पत्रात त्याला धरूनच लिहावं लागतं. हे आता एका गोडाऊनच्या गेटवर बसत्यात, शिट्टी आन काठी घेऊन. मी कामगारांच्या मेसमधी चपात्या लाटते. सकाळी चारशे, दुपारनं तीनशे. आमी तिघी बाया. दुपारची झोप म्हनलं हुतं ना तुला? दुपारी मी भट्टीपुढं असते. ऱ्हायला एक पत्र्याची खोली हाय मेसच्या मागं. त्यात आमी दोघं मावतो, तिसरं मानूस आलं तर एकानं उठून बाहेर जावं लागतं.

तुझं पत्र मी कणकेच्या हातानं वाचलं. कोयता हा शब्द आला आन मी लाटनं बाजूला ठेवलं. आपल्या आईचं कंबरडं त्याच कामानं मोडलं, आपन दोघांनी बघितलंय. अन मी तिच्या नातीला तिकडंच ढकलली. का? तर माझी खोली तुला दिसू नये म्हून. दुसरं कारन न्हाई दादा. शोधलं मी, सापडलं न्हाई.

नगर मोठं का लहान, यावर मी दोन पत्रं लिहिली, आन दोन्ही टायमाला नगराचा इचार माझ्या डोक्यात न्हवताच. मला मोठं दिसायचं हुतं तवा मी नगर मोठं केलं. तू येतो म्हनलास तवा मी त्याला खेडं करून टाकलं. आता खरं ऐक. नगर मोठं हाय. मी त्यात पाच वर्षं तोंड लपवून ऱ्हायले. खडकवस्तीवर असते तर सकाळी लाटनं हातात घेतलं असतं आन न्याहारीच्या आत सगळ्यांना कळलं असतं. हितं कोनी इचारलं न्हाई.

अजून एक हाय. हे मी यांना बी सांगितलेलं न्हाई. एप्रिलात तुमची टोळी राहुरीकडच्या कारखान्यावरनं परत चालली हुती. तुमचा ट्रॅक्टर आमच्या मेससमोर थांबला. भांडी, गोधड्या, वर वहिनी बसलेली. तू खाली उतरलास, टपरीवर च्या घेतलास, कपाळावरचा घाम पुसलास. मी खिडकीतनं बघत हुते. वीस पावलांवर तू. तुझे सगळे केस पांढरे झालेत, मला ठाऊकच न्हवतं. माझ्या अंगाला कणिक, कमरेला पोत्याचं फडकं. मी पदर तोंडावर घेतला आन खाली बसले. तुमच्यातला एक जन येऊन धा चपात्या घेऊन गेला. त्या माझ्या हातच्या हुत्या. ट्रॅक्टर गेला तवा दुसरी बाई म्हनली, लंकाबाई, रडताय व्हय? मी म्हनलं, धूर गेला.

आरतीची तीन वर्षाची जागा गेली ती माझ्यापायी. ती परत येनार न्हाई. ५ तारखेला तिला पाठव. मी सही करते, तिथं उभी ऱ्हाते, लागंल तर पाया पडते. ती आमच्यातच ऱ्हाईल. हे म्हनले, मी गोडाऊनवर झोपत जाईन, त्यात काय.

तू मला शिव्या दे. पन पोरीचं लगीन मोड.

लंका

*

मु. खडकवस्ती
३० ऑगस्ट २०२५

लंका,

त्या चपात्या मी खाल्ल्या. दोन माझ्या वाटनीला आल्या, कांद्यासंगं. राहीनं चौथकोर खाल्ली, तिला कसनुसं हुत हुतं. वीस पावलं म्हनतीस. मला हाक ऐकू आली नसती, पन तू दिसली तर असतीस ना? मी काय म्हनलो असतो तुला? आपल्या आईनं मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, मी अजून खातो, आन तू चपात्या लाटतीस म्हून मी तुला हसलो असतो? तू मला परकं धरलंस. लई लागलं ते. दोन दिस मी पत्र हातात घेतलं न्हाई.

तिसऱ्या दिशी राही म्हनली, तुमी तरी कुठं खरं बोलताय?

ती काय म्हनत हुती ते मला कळलं. आता तुला बी सांगतो, एवीतेवी सगळं बाहेर निघालंच हाय. तुझं दुसरं पत्र वाचलं तवाच मला समजलं हुतं की ह्यात काय तरी गडबड हाय. दोन महिन्यात पूल मोडला का लिफ्ट पडली? बहीन असं उलटं कदी लिहील? मला एका ओळीत इचारता आलं असतं, लंके, काय झालं? मी इचारलं न्हाई. कारन पोरगी लांब जायाची माझ्या मनाला भीती हुती, आन रंगनाथ महिनाभर माझ्या मागं लागला हुता. घरातल्या बाईमानसापुढं मला न्हाई म्हनायचं धाडस न्हवतं. तुझ्या पत्रात मला निमित्त घावलं. सगळा दोष आत्याच्या नावावर टाकला आन मोकळा झालो. तुझं खोटं मला सोयीचं पडलं. म्हून तुला शिव्या द्यायला माझं तोंड न्हाई.

काल रंगनाथाकं जाऊन न्हाई म्हनून आलो. तो चार लोकांत लई बोलला. माझ्या घराण्यावर गेला, तुझ्यावर बी गेला. मी कानावर हात ठेवून, ऐकू येत न्हाई, ऐकू येत न्हाई, असं करत निघून आलो. यंदा त्याच्या टोळीत मला जागा न्हाई. बघू, दुसरी टोळी हाय का.

आरतीला ४ तारखेच्या सकाळच्या गाडीत बसवतो. मी येत न्हाई. मला तुझ्यापुढं आन पोरीपुढं एकदम उभं ऱ्हायला हुनार न्हाई अजून. ती फोन करील. उचल.

श्रीमंत

*

नागापूर, एमआयडीसी
७ सप्टेंबर २०२५

दादा,

आरती सुखरूप पोचली, कॉलेजात नाव बी लागलं. तू उगीच काळजी करत असशील म्हून आधी तेच लिहिलं. जवारीचं पोतं बी मिळालं, कंडक्टरनं उतरवून दिलं.

मी तिला आनायला स्टँडवर गेल्ते. तिनं माझ्या पायाला हात लावला, पन माझ्या तोंडाकं बघितलं न्हाई. खोली बघितली, आपली पिशवी खुंटीला अडकवली आन इचारलं, पानी कुठनं भरायचं? मी नळ दाखवला. हंडा घेऊन गेली. मी खोलीची माफी मागनार हुते, घोकून ठेवली हुती, ती मनातच राहिली.

५ तारखेला सकाळच्या चपात्या उरकून आमी कॉलेजात गेलो. मी पाठीमागच्या खोलीतल्या बाईची चांगली साडी मागून नेसले. सांगते, कारन आता तुझ्यापासनं काय लपवायचं न्हाई असं ठरवलंय. फॉर्म आदल्या दिशीच आरतीनं भरला हुता. मी तिला म्हनलं हुतं, पत्ता सावेडीचाच टाक, आधारकार्डावर तोच हाय, उगी इचारपूस नको. आन माझ्या नावापुढं ‘गृहिणी’ लिही. व्हय दादा, एवढं सगळं तुला लिहून झाल्यावर बी मी तसंच म्हनले. तिनं माझ्याकं बघितलं. म्हनली, आत्या, ते दोन रकाने मी रिकामे ठेवते. तुझं तूच सांग.

तिथं दोन रांगा हुत्या. तीन वर्षांवाल्या पोरींची येगळी, त्या आधीच भरती झालेल्या, कसलीशी कागदं द्यायला आलेल्या. नव्या ओढन्या, आयाबापं संगं. आरतीनं तिकडं एकदा बघितलं. मग बघितलं न्हाई. त्यातल्या एका जागी ती उभी असायची हुती. मी तिच्या मागं उभी हुते आन मला वाटलं, जिमिनीनं आता मला गिळलं तरी चालंल. हे मला आता जन्मभर दिसनार हाय, कॉलेजच्या रस्त्यानं कदी बी गेले तरी.

आमचा नंबर आला. टेबलामागं एक साहेब, चष्मा कपाळावर, समोर कागदांचा ढीग. फॉर्म वाचत गेला. नाव, जात, टक्के. मग थांबला. म्हनला, स्थानिक पालकाचा पत्ता रिकामा का? मोठ्यानं म्हनला. मागं पंचवीस-तीस मानसं. माझ्या हातात आधारकार्ड हुतं, नुसतं पुढं केलं असतं तरी झालं असतं. मी ते पिशवीत घातलं. म्हनलं, नागापूर, मेसच्या मागं, पत्र्याची खोली. खोलीमालकाची चिठ्ठी अन लाईटबिल दिलं.

त्यानं लिहिलं. मग म्हनला, व्यवसाय?

दादा, पाच वर्षं जे मी तुझ्यापासनं, वहिनीपासनं, त्या दुकानदारापासनं लपवलं, ते मला तीस मानसांपुढं सांगायचं हुतं. आरती माझ्या बाजूला, ती बी खाली बघत हुती. तिला बी लाज वाटत असंल, माझी. साहेबानं पेन वाजवलं. म्हनला, बाई, काय करता?

मी म्हनलं, चपात्या लाटते. कंपनीच्या कामगारांच्या मेसवर.

त्यानं मान बी वर केली न्हाई. रकान्यात लिहिलं आन म्हनला, मोबाईल नंबर?

मी नंबर सांगितला. मधेच एक आकडा चुकला, परत सांगितला. मग सही केली.

लंका